खात्यातून पैसे गेले? पहिल्या तासात हे करा

पैसे कापल्याचा मेसेज आला आणि व्यवहार आपण केलेलाच नाही, की बहुतेक जण सकाळी शाखा उघडायची वाट बघतात, नाहीतर गुगलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधतात. दोन्ही महागात पडतं. शाखा उघडेपर्यंत पैसे दोन-तीन खाती फिरून एटीएममधून निघालेले असू शकतात आणि गुगलवर सापडलेला नंबर दुसऱ्याच भामट्याचा निघू शकतो. खरा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो. तो आजच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा.

आधी फोन तपासा. व्हॉट्सअॅपवर आलेली ‘आरटीओ चलान’ किंवा लग्नपत्रिकेच्या नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अॅप बसवणारी) कुणी उघडली होती का? अशी अॅप्स एसएमएस वाचायची परवानगी मागून घेतात. मग येणारा प्रत्येक ओटीपी भामट्यांकडेही पोचतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फाय वेगळं बंद झालंय ना ते बघा, कारण ते कधीकधी चालूच राहतं. त्या फोनवरून पासवर्ड बदलू नका. नवाही त्यांच्याच हाती लागेल. घाईने रिसेटही नको, पुरावा पुसला जाईल. पुढचं सगळं दुसऱ्या फोनवरून.

आता 1930 लावा, ही सायबर फसवणुकीच्या तक्रारींची सरकारी हेल्पलाइन. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक (यूपीआयचा 12 अंकी) समोर ठेवा, तिथे तेच विचारतात. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि तिथे उरलेली रक्कम रोखून धरता येते. उरलेलीच, म्हणून एवढी घाई. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा. घरात दोघं असाल तर एकाने 1930, दुसऱ्याने बँक.

बँकेला नुसतं ‘पैसे गेले’ सांगून भागत नाही. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा. एक उघडं राहिलं तर पैसे तिथून जातात. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. या वेळेला किंमत आहे: रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार चूक ना तुमची ना बँकेची, आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. मेसेज आला तो दिवस त्यात धरत नाहीत. चार ते सात दिवस लावले तर नुकसानीचा काही भाग अंगावर येतो. ओटीपी किंवा पिन स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. शरमेने गप्प बसणाऱ्यांचं इथेच जास्त नुकसान होतं.

तक्रारीचं लेखी पत्र शाखेत देऊन पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. मधल्या काळात ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला तर सरळ कापा.