पेटी ओळखीची आहे ना, मग ब्लूज इथून ऐका

भजनी मंडळातल्या पोरानं विचारलं, ब्लूज-जॅझ (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत) ऐकायचंय पण सुरुवात कुठून करू. मोठी प्लेलिस्ट नको रे, एकच रेकॉर्ड घे, बेसी स्मिथ या ब्लूज गाणाऱ्या बाईनं १९२५ मध्ये गायलेलं 'सेंट लुईस ब्लूज'. साथीला दोनच माणसं, कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग (बँडवाल्याच्या ट्रम्पेटचं धाकटं भावंड समज) आणि दुसरा चक्क पेटीवर! रात्री वावरातून आल्यावर इअरफोन लावून ऐक, मोबाइलच्या स्पीकरवर पेटी हरवते. खरखर येईल, तेव्हा माइक नव्हता, भोंग्यापुढं उभं राहून गायलंय.

पहिल्या खेपेला शब्द सोड, फक्त मोज. चार मात्रांचा एक खण, असे बारा खण झाले की कडवं संपतं. पहिली ओळ, परत तीच ओळ, मग तिसरीत त्याचं उत्तर. मध्येच चाल बदलून मोजणी सोळा खणांवर जाते, तिथं गोंधळू नको.

दुसऱ्या खेपेला बाई थांबते ती जागा पकड. ती अर्ध्या ओळीत थांबते आणि उरलेल्या जागेत कॉर्नेट बोलतो. आपल्याकडं वेचणीला एका तासातली बाई गाणं उचलते अन् पल्याडच्या तासातून बाकीच्या झेलतात, तसंच हे, आणि आलंय पण कापसाच्याच वावरातून. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या काळ्या मजुरांची गुलामी १८६५ ला कायद्यानं संपली, पण पुढं बटईनं जमीन कसायची, अर्धं पीक मालकाला, वरून त्याच्याच दुकानाची उधारी. कामावर एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची, त्या गाण्यांतून ब्लूज वर आला. हे कळल्यावर मला तर तो आवाज परका वाटलाच नाही.

आता पेटी काढ. कोमल गंधार दाब, मग शुद्ध दाब. बेसीचा गळा बऱ्याचदा या दोघांच्या मधल्या जागेत फिरतो, ती जागा पेटीत नाहीच, गळ्यातच सापडते. स्वतः गाऊन बघ, चारपाच दिवस लागतील.

हे जमलं की जॅझकडं वळ. आर्मस्ट्राँग अमेरिकेतल्याच न्यू ऑर्लिन्स शहरचा, तिथं बँडची वाद्यं, ब्लूज आणि ऐनवेळी सुचेल ते वाजवायची मोकळीक एकत्र आली. त्याचं १९२८ चं 'वेस्ट एंड ब्लूज' लाव. सुरुवातीला ट्रम्पेट एकटाच सुटतो, त्यात मोजत बसू नको, पुढं तेच बारा खण येतात. मध्ये क्लॅरिनेट एक तुकडा वाजवतो आणि आर्मस्ट्राँग शब्दाशिवाय, नुसत्या गळ्यानं ओ देतो.