आलिशान मोटारीच्या ऐच्छिक सुविधा : मुंबईकराने काय घ्यावे, काय सोडावे

शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी दोन गोष्टी घरीच ठरवाव्यात : गाडीत रोज कोण कुठे बसणार आणि रात्री गाडी कुठे उभी राहणार. शोरूमच्या चकचकीत फरशीवर प्रत्येक सुविधा हवीहवीशी वाटते, आणि सेल्स एक्झिक्युटिव्हच्या टॅबवर बोटागणिक किंमत चढत असते.

गाडी भारतात जुळवलेली आहे की पूर्ण आयात, हे आधी विचारावे. चाकणला मर्सिडीज, चेन्नईला बीएमडब्ल्यू, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ऑडी जुळवली जाते. अशा मॉडेलांत बहुतेक सुविधा व्हेरिएंटमध्येच बांधून येतात आणि निवड रंग, आतील सजावट व एखाददुसऱ्या पॅकेजपुरती उरते. आयात गाडीची यादी लांबलचक असते, परंतु ती तुमच्या निवडीप्रमाणे तयार होऊन जहाजाने येईपर्यंत कित्येक महिने जातात. पाडव्याला गाडी दारात हवीच, असा हट्ट धरला की यार्डात उभी असलेली, भलत्याच कोणाच्या आवडीने सजवलेली गाडी गळ्यात मारली जाते.

कारखान्यातून बसवून येणारी सुविधा एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स व विमा धरण्यापूर्वीच्या, किमतीत धरली जात असल्याने तिच्यावर रोड टॅक्सही लागतो. महाराष्ट्रात 20 लाखांवरील पेट्रोल गाडी वैयक्तिक नावावर घेतल्यास 13 टक्के, डिझेल असल्यास 15 टक्के, आणि कंपनीच्या नावावरील किंवा आयात गाडीस 20 टक्के कर पडतो. त्याची कमाल मर्यादा 30 लाख रुपये आहे. म्हणजे पेट्रोल गाडीतील 5 लाखांच्या पॅकेजमागे 65 हजारांचा कर, प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येणारा 1 टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळी डीलरने गोळा करायचा प्राप्तिकर) आणि विम्याचा वाढीव हप्ता एवढे गृहीत धरावे. म्हणूनच कोटेशन मागताना प्रत्येक सुविधेमुळे ऑन-रोड किमतीत पडणारा फरक लिहून घ्यावा. नंतर बाहेरून बसवलेल्या महागड्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या नोंदवाव्या लागतात, अन्यथा दाव्यात त्यांचा विचार होत नाही.

सर्वाधिक विचार चाकांचा करावा, कारण मुंबईत मनस्ताप तिथूनच सुरू होतो. टायरवर 245/45 आर18 असे लिहिलेले असेल तर रुंदी 245 मिलिमीटर आणि बाजूच्या रबराची उंची तिच्या 45 टक्के, म्हणजे सुमारे 110 मिलिमीटर; 18 हा रिमचा इंचांतील व्यास. त्याच गाडीला मोठ्या चाकांचे 245/35 आर20 टायर घेतल्यास ही उंची जेमतेम 86 मिलिमीटर राहते. जुलैतला खड्डा आणि मिश्रधातूचे रिम यांच्यामध्ये तेवढेच रबर असते, आणि पेव्हर ब्लॉकची उखडलेली कड त्याची गय करीत नाही. मोठी चाके फोटोत रुबाबदार दिसतात हे मान्य करूनही माझे मत लहान चाकांच्याच बाजूने आहे. रन-फ्लॅट टायर असतील तर पंक्चरनंतर साधारणपणे ताशी 80 किलोमीटर वेगाने 80 किलोमीटर जाता येते, पण त्यांची बाजू कडक असल्याने धक्के अधिक जाणवतात. अशा गाडीत बहुधा स्टेपनी नसते. ती वेगळी मिळत असल्यास डिकीतली किती जागा खाते, हे प्रत्यक्ष ठेवून पाहावे.

एअर सस्पेन्शनमुळे, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेमुळे, गाडी काही सेंटिमीटर उचलता येते, त्यामुळे बेढब स्पीडब्रेकरवर पोट घासत नाही. मात्र तिचे रबरी फुगे आणि कॉम्प्रेसर यांची दुरुस्ती वॉरंटीनंतर खिशाला जड जाते, म्हणून विस्तारित वॉरंटी घेणार असाल तरच हा पर्याय निवडावा. गाडी उचलता येते म्हणून अंधेरी सबवेच्या पाण्यात घालू नये. इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही, आणि त्यासाठीचे इंजिन प्रोटेक्शन हे जादा विमा संरक्षण या शहरात कोणत्याही म्युझिक सिस्टिमपेक्षा अधिक मोलाचे आहे.

ड्रायव्हर ठेवणार असाल तर पैसा मागच्या सीटवर घालावा : तिथले स्वतंत्र एसी नियंत्रण, मागे कलणारी पाठ, खिडक्यांचे पडदे. काळी फिल्म मात्र नंतर लावू नये. नियमानुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत यावा लागतो. मुंबईच्या दमटपणात थंड हवा सोडणारी सीट खरोखर सुख देते, उलट तापणारी सीट वापरण्याचा योग महाबळेश्वरलाच येईल. पांढऱ्या लेदरवर नव्या जीन्सचा निळा रंग उतरतो, हे रंग निवडताना लक्षात असू द्यावे.

पॅनोरमिक सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर गुलमोहराच्या पाकळ्यांनी आणि बारीक पानांनी त्या तुंबतात आणि पहिल्या मोठ्या पावसात छताचे अस्तर ओले होते. पावसाळ्यापूर्वी त्या साफ करून घेण्याची तयारी नसेल तर साधे छप्पर बरे.

सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर पॅलेटजवळच्या (गाडी उचलणाऱ्या फळीजवळच्या) पाटीवरील वजन व उंचीची मर्यादा आधी वाचावी. मोठी एसयूव्ही अडीच टनांच्या घरात जाते आणि प्रत्येक वाढीव सुविधा त्यात भर घालते. जुन्या इमारतींच्या अरुंद फाटकांसाठी 360 अंशांचा कॅमेरा डोळे झाकून घ्यावा. पुढच्या गाडीपासून अंतर राखून ठरवलेला वेग धरणारा क्रूझ कंट्रोल समृद्धी महामार्गावर उपयोगी पडतो, दादरच्या रिक्षाविरहित गर्दीतही फारसा नाही. वेग वगैरे माहिती समोरच्या काचेवर दाखवणारा हेड-अप डिस्प्ले आपला नेहमीचा गॉगल लावूनच पाहावा, कारण पोलराइज्ड काचेतून तो फिका दिसतो.

ॲपवरून चालणाऱ्या सुविधांची मोफत मुदत किती आणि पुढे वार्षिक शुल्क किती, हे लेखी घ्यावे. बुकिंगच्या अर्जावर पॅकेजच्या नावासोबत प्रत्येक सुविधा स्वतंत्र नोंदवून घ्यावी, आणि आरटीओ नोंदणी होण्यापूर्वी यार्डात जाऊन, चासी क्रमांक ताडून, अर्जातील एकेक सुविधा चालू करून पाहावी. नोंदणी झाल्यावर राहून गेलेल्या सुविधेच्या बदल्यात डीलर बहुधा फ्लोअर मॅट देऊ करतो.