प्रायमरीच्या दिवसांत भाऊ-बहिणीचं भांडण कसं सोडवावं

माझी दोन्ही मुलं अमेरिकेचे नागरिक. डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी (अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचं राज्याराज्यातलं मतदान) आली, की विश्रामबागेत बसून व्हिडिओ कॉलवरचा तंटा मलाच सोडवावा लागतो.

आधी विचारा, मत कुठल्या राज्यात? निम्मा वाद तिथंच निवतो. २०१६ला धाकटा ‘मला मतच देऊ दिलं नाही’ म्हणून पेटला होता. न्यूयॉर्कची प्रायमरी १९ एप्रिलला, तिथं त्या पक्षात नाव नोंदवलेल्यांनाच मत, पण नोंदणीतला पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपलेली! राग रास्त, पण तो बहिणीवर कशाला?

सुपरडेलिगेटचा (उमेदवार निवडीत स्वतःच्या मर्जीनं मत देणारे पक्षाचे नेते) विषय निघाला, तर २०१८चा बदल सांगा: चुरस असेल तर पक्षाच्या अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत त्यांना मत नाही.

म्यूट मात्र करू नका, अपमान वाटतो. फोन सरळ आजीकडे द्या. ती ‘जेवलास का?’ विचारते.