बाळाचं आतडं कापावं लागलंय, आता घरी आल्यावर काय काय सांभाळायचं

एनआयसीयूमधून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, शॉर्ट बॉवेल सिंड्रोम हे नाव घेऊन बाहेर पडलेल्या आईबाबांसाठी हे लिहितेय. लहान आतड्याचा बराच भाग काढावा लागला की उरलेलं आतडं अन्न-पाणी शोषायला कमी पडतं, त्याला हे नाव आहे. डॉक्टर त्याला शॉर्ट गट पण म्हणतात. बऱ्याच बाळांना हे एनईसीमुळे होतं, म्हणजे कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्याला सूज येते आणि तो भाग मरतो, कुणाच्या आतड्याला पीळ पडतो, कुणाचं आतडं जन्मतःच पोटाबाहेर असतं नाहीतर मध्येच बंद असतं, आणि मेलेला भाग काढल्याशिवाय बाळ वाचत नाही. आईने पपई खाल्ली म्हणून झालं असलं कुणी बोललं तर मनाला लावून घेऊ नका, तसं काहीही नसतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, उरलेलं आतडं वाढतं. लांबीने वाढतं, रुंद होतं, आतल्या बारीक लव मोठ्या होतात आणि जास्त शोषायला लागतात, आणि हे काम दोन-तीन वर्षं किंवा त्याहून जास्त चालू राहतं. आपण घरी जे जे करतो ते त्या आतड्याला तेवढा वेळ मिळावा म्हणून.

डिस्चार्जच्या आधी सर्जनकडून ऑपरेशनची नोट लेखी घ्या आणि विचारा, किती सेंटीमीटर उरलं, वरचा भाग उरला का खालचा, लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप आहे का, मोठं आतडं किती आहे. नुसत्या लांबीवरून घाबरून जायचं नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाचं लहान आतडं साधारण २५० सेंटीमीटर असतं पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ते जवळपास दुप्पट झालेलं असतं, म्हणून २८ आठवड्यांच्या बाळात ४० सेंटीमीटर उरणं आणि पूर्ण दिवसांच्या बाळात ४० उरणं यात खूप फरक आहे, पहिल्याचं अजून वाढायचंच होतं. खालचा भाग उरला असेल तर तो जास्त चांगला जुळवून घेतो, आणि मोठं आतडं असेल तर पाणी आणि मीठ बरंच वाचतं.

घरी रोजची वही हवीच. किचनमधला डिजिटल वजनकाटा घ्या, कोरड्या डायपरचं वजन लिहून ठेवा, ओल्यातून ते वजा करा, १ ग्रॅम म्हणजे १ मिली धरायचं. शी आणि शू एकत्र होते हे खरंय, पातळ शीत तर कळतच नाही, पण डायपरमध्ये पुढे कापूस ठेवला तर शू झाली की नाही तेवढं तरी समजतं. स्टोमा, म्हणजे शी बाहेर यायला आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं असेल तर त्यावरची पिशवी रिकामी करताना मापाच्या कपात मोजा. किती फीड गेलं, किती बाहेर आलं, शू किती वेळा, आणि वजन ठरलेल्या दिवशी त्याच काट्यावर कपडे न घालता. किलोमागे दिवसाला किती शी चालेल हा आकडा डॉक्टरांकडून मागून घ्या, त्याच्या वर गेली की फीड वाढवायचं थांबवून फोन करायचा. कॅलरी बरोबर जाऊनसुद्धा वजन हलत नसेल तर शूमधलं सोडियम तपासू का असं स्वतःहून विचारा, कारण शीतून मीठ निघून जातं आणि मिठाशिवाय ही मुलं वाढत नाहीत, हे बऱ्याचदा राहून जातं.

दुधात आईचं दूध पहिलं. स्वतःचं कमी पडत असेल तर हॉस्पिटलला मिल्क बँकेबद्दल, म्हणजे इतर आयांनी दान केलेल्या दुधाबद्दल विचारा, आपल्याकडे मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून आहे आणि आता इतर बऱ्याच शहरांत पण आहेत. नाहीतर पचायला सोपा केलेला स्पेशल फॉर्म्युला देतात. तो घट्ट केला म्हणजे जास्त पोषण जाईल असं वाटतं पण स्वतःच्या मनाने चमचा वाढवू नका, घट्ट दूध आतड्यात पाणी ओढतं आणि शी वाढते. एका वेळी एकच बदल करायचा, प्रमाण तरी वाढवायचं नाहीतर नवीन पदार्थ तरी द्यायचा, आणि दोन-तीन दिवस बघायचं. रात्री नळीने पंपावर हळूहळू फीड आणि दिवसा थोडं थोडं तोंडाने असं बरेच डॉक्टर ठेवतात. तोंडाने देणं मात्र अगदी चमचाभर का होईना पण चालू राहू दे, कारण महिनोन् महिने नळीवर राहिलेलं मूल नंतर तोंडात काही घेतच नाही आणि ते परत शिकवायला फार कष्ट पडतात. शी जास्त होतेय म्हणून खाणंच बंद करा असं घरातले मोठे सांगतील, प्रेमानेच सांगतात, पण आतडं वाढायला आतड्यात अन्न जावंच लागतं, म्हणून कमी करायचं का ते डॉक्टर ठरवतील.

वरचं अन्न सुरू झालं की मऊ भात, मुगाचं वरण, उकडून कुस्करलेला बटाटा, केळं, अंडं, चिकन, वरून तेल किंवा तूप. गोड टाळा, म्हणजे फळांचा ज्यूस, गूळपाणी, साखर घातलेली पेज, बिस्किटं. बाळगुटी आणि ग्राइप वॉटर नको. ओआरएस पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच करा आणि डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलंच घ्या, गोड चवीचं तयार एनर्जी ड्रिंक म्हणजे ओआरएस नाही. अजून एक, बऱ्याच सिरपमध्ये गोडीसाठी घातलेलं सॉर्बिटॉल असतं आणि त्याने जुलाब वाढतात, म्हणून कुठलंही नवीन औषध लिहून दिलं की केमिस्टकडे बाटलीवरचं लेबल वाचा. ढुंगण लाल व्हायच्या आधीच झिंक ऑक्साइडचं जाड क्रीम लावायचं, प्रत्येक वेळी खरवडून काढायचं नाही, वरची घाण पुसायची आणि परत थर द्यायचा.

आता लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत कायम ठेवलेली नळी, तिच्यातूनच टीपीएन देतात. टीपीएन म्हणजे शिरेतून दिलेलं संपूर्ण पोषण, १९६८ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी त्यावर बाळ वाढू शकतं हे दाखवलं, त्याच्या आधी अशी मुलं जगत नसत. आपल्याकडे घरी टीपीएन देणं अजून थोड्याच ठिकाणी जमतं आणि खर्च रोजचा असतो, म्हणून कोण बॅग बनवणार, कोण शिकवणार, रात्री फोन कोण घेणार हे घरी जायच्या आधी ठरवा. हात धुवायचे, हब म्हणजे लाइनचं जोडायचं टोक अल्कोहोलने घासायचं आणि वाळू द्यायचा, ड्रेसिंग ओलं झालं किंवा सुटलं तर लगेच बदलायचं, लाइनच्या जागी पाणी जाऊ द्यायचं नाही. लाइन असलेल्या मुलाला ३८ डिग्री म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर पॅरासिटॅमॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असेल तरी निघायचं, आधी लाइनमधून ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ती तपासणी, आणि लगेच अँटिबायोटिक, कारण लाइनचं इन्फेक्शन तासांत पसरतं. लाइनला चीर गेली तर चीर आणि बाळाच्या मध्ये क्लॅम्प म्हणजे नळी दाबून बंद करणारा चिमटा लावायचा आणि निघायचं, क्लॅम्प कायम मुलाजवळ ठेवा, प्रवासात पण. टीपीएन खूप दिवस चाललं तर लिव्हरवर ताण येतो, डोळे पिवळे दिसले तर सांगा, टीपीएनमधल्या लिपिडचं म्हणजे चरबीचं प्रमाण कमी करणं किंवा माशाच्या तेलाचं लिपिड वापरणं असे मार्ग आहेत.

हिरवी उलटी, पोट टम्म फुगणं, शीत रक्त, सहा-आठ तास शू नाही, टाळू खोल गेलेली, मूल मलूल पडलेलं, यातलं काहीही असलं तर थेट इमर्जन्सी. थोड्या मोठ्या मुलात भरपूर गोड खाल्ल्यावर तोल जाणं, बोलणं अडखळणं, झोपाळल्यासारखं होणं दिसलं तर तो डी-लॅक्टेटचा त्रास असू शकतो, आतड्यातले बॅक्टेरिया तो बनवतात आणि नेहमीच्या लॅक्टेट तपासणीत तो येत नाही, म्हणून डॉक्टरांना नाव घेऊन सांगा.

पुढच्या उपायांबद्दल थोडं. आतडं खूप फुगलेलं असेल तर स्टेप नावाचं ऑपरेशन असतं, २००३ साली बॉस्टनमधून आलं, स्टेपलरने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी अर्धवट काप देत जातात आणि रुंद आतडं नागमोडी, निमुळतं आणि लांब होतं. आतड्याचं शोषण वाढवणारं टेड्युग्लुटाइड नावाचं रोजचं इंजेक्शन अमेरिकेत २०१९ पासून १ वर्षावरच्या मुलांना मान्य आहे पण खूप महाग आहे. ट्रान्सप्लांट म्हणजे दुसऱ्याचं आतडं बसवणं हा शेवटचा मार्ग, मुख्यतः लाइनसाठी शिरा उरल्या नाहीत किंवा लिव्हर गेलं तर.

आणि टीपीएन सुटलं की फॉलोअप सोडायचा नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर बी१२ तोंडाने शोषलं जात नाही, पण लिव्हरमधला साठा असल्यामुळे कमतरता बऱ्याच उशिरा दिसते, तोपर्यंत सगळे निर्धास्त झालेले असतात. बी१२, आयर्न, झिंक, व्हिटॅमिन ए, डी, ई आणि के यांच्या तपासण्या किती महिन्यांनी करायच्या ते लिहून घ्या, आणि बी१२चं इंजेक्शन लागणार असेल तर त्याची तारीख लसीकरणाच्या कार्डवरच लिहून ठेवा.