श्रद्धांजलीची फुलं जपताना या चुका टाळा

पुष्पचक्रातलं एखादं फूल रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात) जपून ठेवायची इच्छा अनेक घरांत असते, आणि बरेचदा ते फूल एकाच चुकीने वाया जातं: ते पुरतं वाळायच्या आधीच साच्यात जातं. पाकळ्या हाताला कोरड्या लागतात, पण देठाला चिकटलेल्या फुगीर भागात पाणी शिल्लक असतं. रेझिन जमताना तापतं, ओल बाहेर येते आणि फुलाभोवती बुडबुडे धरतात. आठवडाभर वस्तू सुरेख दिसते, मग फूल तपकिरी पडत जातं. पुन्हा आणता न येणाऱ्या फुलाचं असं होणं फार जिव्हारी लागतं, म्हणून इथे घाई मुळीच नको.

फुलं समारंभाच्या दिवशीच बाजूला काढा, तीही अर्धवट उमललेली. प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की आत पाणी धरतं आणि बुरशी येते, कागदात गुंडाळा. हवाबंद डब्यात 2-3 सेंमी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) पसरा, त्यावर फूल उभं ठेवा आणि चमच्याने आधी बाजूने, मग पाकळ्यांच्या आत जेल भरत जा. एकदम वरून ओतलं तर फूल चेपतं. गुलाबाला साधारण 5 ते 7 दिवस लागतात. बाहेर काढल्यावर देठाजवळ दाबून पाहा. मऊ लागलं तर परत डब्यात. नारिंगी दाणे हिरवे पडले असतील तर जेलने घ्यायची तेवढी ओल घेतलेली असते, ते बदला. मायक्रोवेव्हचा झटपट उपाय मला पटत नाही: कडा करपतात, गाभा ओलाच राहतो.

रेझिन लवकर जमावं म्हणून हार्डनर (ते घट्ट करण्यासाठी मिसळायचा दुसरा द्रव) वाढवू नका, रेझिन कायमचं चिकट राहतं. डब्यावरचं प्रमाण मोजून घ्या, पातळ थर देत जा. लाल गुलाब काळपट आणि पांढरी फुलं पिवळसर होतात, हे घरच्यांना आधीच सांगा.

पुष्पचक्र स्वतः करत असाल तर फ्लोरल फोम (फुलं खोचायचा, पाणी धरून ठेवणारा ठोकळा) पाण्यात दाबून बुडवू नका. बाहेरून भिजतो, आत हवा अडकून कोरडाच राहतो आणि फुलं ऐन वेळी माना टाकतात. पाण्यावर सोडून द्या, एक-दोन मिनिटांत आपोआप खाली जातो. देठ तिरका कापून 3-4 सेंमी खोल एकदाच खोचा. उपसून त्याच भोकात परत घातला तर टोकाला पाणी मिळत नाही. गेलेल्या माणसाने स्वतः लावलेल्या झाडाची फुलं घेणार असाल तर (आणि घ्याच, दुकानातल्या महागड्या फुलांपेक्षा ती खूप बोलतात) खोचण्याआधी काही तास पाण्यात उभी ठेवा.

लिलीचे पुंकेसर फूल उमलताच काढा. परागाचा डाग कपड्यावर पडलाच तर पाणी लावू नका, चिकटपट्टीने उचला.

पुष्पचक्रावर मूळ फोटो कधीच चिकटवू नका, लेझर प्रिंट वापरा. इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते. निरोपाची चिठ्ठी जेल पेनऐवजी पेन्सिलीने लिहा. नाव आणि तारखा घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.