मांडीवर बसणारं छोटं कुत्रं कसं निवडावं, कसं रुळवावं

‘आमचा वन बीएचके आहे हो, त्यामुळे छोटंसंच कुत्रं हवं. मांडीवर बसणारं, फार व्याप नसलेलं.’ पुण्यात कोथरूडपासून खराडीपर्यंत कुठल्याही व्हेटकडच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडच्या बाकावर थोडा वेळ बसलात की हे वाक्य कानावर पडतंच. यातली मांडीची अपेक्षा रास्त आहे, व्याप नसण्याची मात्र चुकीची. माणसाला चिकटून राहणाऱ्या या जाती पिढ्यान्‌पिढ्या सोबतीसाठीच पाळल्या गेल्या. त्यांना जागा कमी लागते, पण माणूस भरपूर लागतो. म्हणून फोटो बघून जात ठरवण्याआधी आपल्या घराचं वेळापत्रक बघावं.

पायरी १: घरात मांडी किती वेळ मोकळी असते ते बघा

दोघंही सकाळी आठला हिंजवडीच्या दिशेनं निघतात, रात्री आठला परत येतात आणि शनिवार-रविवार गडावर असतात. अशा घरात माल्टीज किंवा कॅव्हेलियरसारखी माणसाला चिकटणारी जात आणू नये, स्पष्टच सांगते. दिवसभर दाराकडे डोळे लावून बसलेलं कुत्रं भुंकतं, चपला कुरतडतं, स्वतःचे पाय चाटून लाल करतं. आणि मग ‘किती त्रास देतं’ म्हणून त्याच्याच नावानं खडे फोडले जातात. घरी आजी-आजोबा असतील, कुणी घरून काम करत असेल किंवा दुपारी कुणीतरी चक्कर टाकणारं असेल, तर गोष्ट वेगळी.

आजी-आजोबा आहेत म्हणून परस्पर ठरवून मोकळंही होऊ नका. ‘आई, तुला काही करावं लागणार नाही, मी आहे ना!’ हे वाक्य बोलणाऱ्या मुलाच्या घरी दोन महिन्यांनी पहाटे कुत्र्याला खाली कोण नेतं, ते सोसायटीच्या वॉचमनला विचारा. छोट्या जाती साधारण १२ ते १५ वर्षं जगतात. आठवीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेलं पिल्लू, मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यावरही तुमच्याच सोफ्यावर असणार आहे.

पायरी २: जात निवडताना स्वभावाबरोबर पुण्याचं ऊनही धरा

फ्लॅटसाठी माझी पहिली पसंती शिट्झूला. वजन साधारण ४ ते ७ किलो, भुंकणं बेताचं, पाहुण्यांशीही गोडीनं वागणारं. तुम्ही टीव्हीसमोर बसलात की शेजारी येऊन पाठ टेकवतं, मग हळूच काखेखाली नाक खुपसतं आणि तुमचा हात उचलला जाईपर्यंत ढोसत राहतं. व्याप आहे तो केसांचा. रोज विंचरलं नाही तर कानामागे आणि काखेत गुंते होतात आणि शेवटी सगळे केस उतरवावे लागतात. पुण्यात केस आखूड ठेवलेलेच बरे. महिना-दीड महिन्यानं कापून आणावेत. डोळे मोठे आणि बाहेर आलेले असल्यानं त्यांना इजा पटकन होते, तेवढं सांभाळायचं.

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल हे लाडाच्या बाबतीत सगळ्यांच्या वरचं. वजन ६ ते ८ किलो, मऊ लांब कान. ते एका माणसाचं न होता अख्ख्या घराचं होतं, लहान मुलांशीही जमवून घेतं. मात्र आपल्याकडे ते कमी मिळतं, महाग असतं, आणि या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार फार आढळतो. पिल्लाच्या आईवडिलांच्या हृदयाची तपासणी झाली आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माल्टीज त्याहून छोटं, तीन-चार किलोचं. दिवसभर मांडीवर ठेवलंत तरी कंटाळणार नाही. घरात तीन-चार वर्षांचं दांडगट मूल असेल तर नको. हातातून निसटून पडलं तरी हाड मोडू शकतं. चिवावा तर तीन किलोंच्याही आतलं, एकाच माणसाचं होऊन राहणारं आणि जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या खाली गेला की कुडकुडणारं. त्याला पांघरुणात शिरायला आवडतं, म्हणून अंथरुणावर बसताना आधी चाचपून बघायची सवय लावून घ्या.

पगबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल. २००३ साली हच मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो मुलाच्या मागेमागे फिरला आणि देशभर घराघरांत पग आले. स्वभावानं तो खरंच लोभस: प्रेमळ, विनोदी, खादाड, माणसाच्या अंगावर रेलून घोरणारा. पण त्याचं चपटं नाक हीच त्याची अडचण. कुत्रं घामानं फारसं थंड होत नाही, ते धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतं. नाक आखूड आणि श्वासाची वाट अरुंद असलेल्या पगला ते नीट जमत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या, दुपारभर स्लॅब तापणाऱ्या घरात एसी नसेल तर पग आणू नये, असं माझं मत आहे. शिट्झूचंही नाक आखूडच, त्यामुळे काळजी त्याचीही घ्यायची. पगचं संकट सहसा अधिक गंभीर असतं.

पॉमेरियन म्हणून शेजारच्या काकूंकडे वर्षानुवर्षं जे पांढरंशुभ्र, टोकदार नाकाचं कुत्रं पाहिलंय, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. खरं पॉमेरियन जेमतेम दोन-तीन किलोंचं. स्पिट्झ आपल्या हवेला सरावलेलं आहे, चपळ आहे, हुशार आहे, माणसावर जीव टाकतं. फक्त ते मांडीवर तासन्‌तास बसेलच असं नाही आणि बेल वाजली की खालच्या मजल्यालाही कळतं. उन्हाळा आला म्हणून त्याची हजामत करू नका. त्याच्या केसांचा दुहेरी थर उन्हापासूनही त्याला वाचवतो.

ल्हासा अप्सो दिसायला शिट्झूसारखं असलं तरी मूळचं तिबेटी मठांत राखण करणारं. लाड करून घेतं, पण स्वतःच्या मर्जीनं. डॅशंडला कुशीत शिरायला मनापासून आवडतं, पण त्याच्या लांब पाठीचे मणके नाजूक असतात. लिफ्ट नसलेल्या पेठेतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर रोज जिन्यावरून त्याला कडेवर न्यायची तयारी ठेवा.

पायरी ३: पिल्लू कुठून घ्यायचं

फोनवर फोटो, पुलाखाली गाडी, रोख पैसे आणि पिल्लू हातात, असा व्यवहार करू नका. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणाऱ्याला, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा. पिल्लाची आई बघायचा आग्रह धरा. आई माणसाला बघून कोपऱ्यात दबकत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी परत फिरा. भित्र्या आईची पिल्लं बरेचदा तशीच निघतात. ‘टीकप’ वगैरे नावानं मुठीत मावणारं पिल्लू जास्त पैशात देऊ केलं, तर तेही नको. तशी वेगळी जात नाही, आणि अति लहान चणीच्या पिल्लांच्या तब्येतीच्या तक्रारी संपत नाहीत.

दत्तक घ्यायचा पर्याय मला जास्त पटतो, विशेषतः मांडीवर बसणारंच हवं असेल तेव्हा. पिल्लू मोठेपणी कसं निघेल याचा अंदाजच असतो, तर तीन-चार वर्षांचं कुत्रं लाडोबा आहे की नाही, हे तासाभरात समोर दिसतं. बदली झाली, बाळ झालं म्हणून सोडून दिलेले पग आणि शिट्झू पुण्यात कमी नाहीत. बावधनच्या रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्थांकडे चौकशी करा. आणि तिथं एखादं आखूड चणीचं देशी कुत्रं तुमच्या पायाशी येऊन बसलं, तर जातीची यादी खिशात ठेवा.

पायरी ४: कागदपत्रं

महापालिकेचा श्वान परवाना काढा आणि दरवर्षी नूतनीकरण करा. त्यासाठी रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्यांनी तिथल्या पालिकेकडे जावं. सोसायटीतून ‘कुत्रं चालणार नाही’ अशी नोटीस आली, तर भारतीय पशुकल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा: बहुमतानं ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भांडण होण्याआधी आपण विष्ठा उचलायची पिशवी बरोबर ठेवतो, हे चारजणांना दिसू द्या. निम्मे वाद तिथंच मिटतात.

पायरी ५: पहिले तीन महिने

दुसऱ्याच दिवशी व्हेटकडे न्या. लशींचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. सगळे डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका, पार्व्होचा, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या विषाणूचा धोका असतो. पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन रिक्षा, स्कूटर, भाजीवाला, शाळेची व्हॅन, टोपीवाले आजोबा असं सगळं दाखवा. या वयात जे बघितलं, त्याची पुढे सहसा भीती वाटत नाही.

छोट्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्या. बराच वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरून ते झोकांड्या खातं. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळा आणि लगेच डॉक्टर गाठा. आपल्या ताटातला घास देताना आजोबांना दोनदा सांगावं लागेल: कांदा-लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट विषारी आहेत. म्हणजे पोहे, भाजी, आमटी, बेदाणे घातलेला शिरा, सगळंच बाद. गळ्यात पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घाला. छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते.

पायरी ६: जवळ घेणं शिका, तुम्हीही

सगळ्यात जास्त गडबड इथं होते. पिल्लू घरी आलं की जो तो उचलतो, छातीशी घट्ट धरतो, पापे घेतो. पिल्लाच्या दृष्टीनं हे पकडणं असतं. महिनाभरात ते हात दिसला की सोफ्याखाली जातं आणि घरचे म्हणतात, ‘शिट्झू असून याला लाड आवडत नाहीत!’

उलट करा. जमिनीवर सतरंजी टाकून मांडी घालून बसा, पुस्तक वाचा, त्याच्याकडे बघू नका. ते येईल, हुंगेल, जाईल, पुन्हा येईल. एक पाय मांडीवर ठेवला की हळू आवाजात शाबासकी द्या आणि एखादा खाऊ. स्वतःहून चढलं की छातीवर, कानामागे, शेपटीच्या वर हळूहळू खाजवा. डोक्यावरून हात नेऊ नका. काही क्षणांनी हात उचला. ते नाकानं हात ढोसत असेल, अंग टाकत असेल, तर पुढे चालू ठेवा. मान फिरवली, जांभई दिली, नाक चाटलं, अंग ताठ केलं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसला, तर त्याला पुरे झालंय, जाऊ द्या. जायची मोकळीक मिळालेलं कुत्रंच परत परत येतं.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. पुढचे पाय धरून लटकवायचं नाही. डॅशंडची पाठ आडवी, सरळ राहिली पाहिजे. मुलांसाठी एकच नियम: कुत्रं जवळ घ्यायचं तर आधी स्वतः खाली बसायचं. सोफ्याला दोन पायऱ्यांचा ठोकळा लावा. छोट्या जातींत गुडघ्याच्या वाट्या सरकण्याचा त्रास बरेचदा असतो, रोजच्या उड्यांनी तो वाढू शकतो.

मांडीवर बसलेलं कुत्रं घरातलं दुसरं माणूस जवळ आल्यावर गुरगुरायला लागलं, तर ‘बघा, माझ्यावर किती प्रेम!’ म्हणून हसू नका. न रागावता, न बोलता त्याला खाली ठेवा. ते दुसरं माणूस जवळ येताना खाऊ देऊ लागलं, की काही दिवसांत सूर बदलतो. चावण्यापर्यंत मजल गेली असेल तर प्रशिक्षक गाठा.

पायरी ७: एकटं राहायची सवय

पहिल्याच आठवड्यात सुरू करा. दाराबाहेर मिनिटभर उभं राहून परत या, मग पाच, मग पंधरा. निघताना गळाभेट नाही, आल्यावर सोहळा नाही.

पायरी ८: पुण्याचे ऋतू

उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या तळव्यांनाही बसणार. धाप थांबत नसेल, जीभ गडद लाल झाली असेल, तर साधं पाणी अंगावर ओता, पंख्याखाली धरा आणि डॉक्टरकडे पळा. बर्फ नको.

पावसाळ्यात वेताळ टेकडी किंवा तळजाईहून आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत आणि काखा बघा. गोचिडांमुळे होणारा ताप इथं नेहमीचा आहे. मांडीवर निवांत पडलेलं असतं, तेव्हा हे काम सोपं जातं. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोची लस डॉक्टरांना विचारून घ्या.

गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू होतो, तेव्हापासूनच तयारीला लागा. आतल्या खोलीत खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा किंवा टीव्हीचा आवाज, आणि कपाटाखाली लपलं तर तिथंच राहू द्यायचं. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी व्हेटशी बोलून औषध ठरवा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या परस्पर देऊ नका. आणि त्या दिवसांत दार उघडताना त्याच्या अंगावर हार्नेस आणि तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला असू द्या, कारण सुतळी बॉम्बच्या आवाजानं मांडीवरचं शहाणं कुत्रंही जिना उतरून रस्त्यावर पळतं.