म्युनिकला नवीन आलात? व्हिनेगरला हात लावायच्या आधी हे वाचा

इथे भाड्याचं घर म्हणजे बरेचदा चार भिंती, किचनसुद्धा नसतं, त्यामुळे नवीन मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, स्वस्तात सामान कुठे मिळेल? मिळतं हो, ढिगानं मिळतं. रस्त्यावर खोक्यावर ‘त्सु फेरशेंकेन’ लिहिलेलं दिसलं की बिनधास्त उचला, त्याचा अर्थच फुकट न्या असा आहे. क्लाइनआनत्साइगेन ही जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची साइट रोज बघा, पासिंगला पालिकेचं ‘हाले त्स्वाय’ नावाचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, आणि वसंतातल्या फेस्टच्या वेळी थेरेसियनवीज मैदानावर मोठा फ्लोमार्क्ट, म्हणजे जुना बाजार, भरतो. घासाघीस करा, लाजू नका. आपल्यातले काही जण जुनं टेबल ‘ऑफिसातल्या मित्रानं गिफ्ट दिलं’ म्हणून सांगतात, सांगू देत बापडे. गादी मात्र फुकट मिळाली तरी नको. ढेकूण.

आता सफाई. घरून हारपिकच्या बाटल्या आणू नका प्लीज, डीएम नाहीतर रोसमन या दुकानांत सगळं मिळतं. नात्रोन म्हणजे आपला खायचा सोडा. बाकपुल्व्हर म्हणजे बेकिंग पावडर, त्यात आम्ल आणि स्टार्च असतं, घासायला उपयोग नाही, पहिल्या महिन्यात सगळे तेच उचलतात. झित्रोनेनझॉयर म्हणजे लिंबूफूल. आणि एस्सिगएसेन्झ, म्हणजे २५ टक्क्यांचं व्हिनेगर, खायचं साधं ५ टक्क्यांच्या आसपास असतं. या एसेन्झवरच मला बोलायचंय.

म्युनिकचं पाणी प्यायला छान पण जड, सगळीकडे पांढरा थर धरतो. माझ्या पहिल्या वर्षी मी ३ युरोला एक किटली आणली, आत चुन्याचा जाड थरच होता. ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, एसेन्झ ओतलं, पाणी घातलं आणि शहाणपणा करून चालू केली. उकळून सगळं कट्ट्यावर उतू गेलं, घरभर अशी वाफ झाली की डोळ्यांतून पाणी आणि खोकला. वैतागून तसंच टाकून झोपलो. सकाळी कट्ट्यावर पांढुरके निस्तेज डाग, बोट फिरवलं तर खरखरीत. मग मी काय करावं? नात्रोन घेऊन घासलं, अजून ओरखडे. चार वर्षांनी घर सोडताना मालकानं टॉर्च मारून ते डाग बघितले आणि काउत्सिओनमधून, म्हणजे डिपॉझिटमधून, ४२० युरो कापले. ३ युरोच्या किटलीपायी!

तर लक्षात ठेवा, इथल्या खिडक्यांचा कट्टा पुष्कळदा युरा मार्बलचा असतो. नाव मार्बल पण खरं तर चुनखडीच, पॉलिश केलेली. आम्ल पडलं की ती खाल्लीच जाते, डाग वरवरचा नसतो, पुसून जाणार नाही. व्हिनेगर नको, लिंबू नको, चिंच नको, ‘जरासंच’ पण नको. किटली सिंकमध्ये साफ करा, लिटरभर गार पाण्यात दोन चमचे लिंबूफूल, तासभर तसंच ठेवा, मग दोनतीनदा धुवा. गारच पाणी, गरम केलं तर त्याचाच नवा थर बसतो. आणि आल्या आल्या हाफ्टप्फ्लिश्ट इन्शुरन्स, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, काढा, भाड्याच्या घराचं नुकसान त्यात येतं का ते विचारून. माझा तेव्हा नव्हता.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतून फेस बघत बसणारे बरेच भेटतात, फेस भारी दिसतो पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं नुसतं खारट पाणी. क्लोरवाल्या क्लीनरमध्ये तर कुठलंच आम्ल घालू नका, विषारी वायू होतो, ही चेष्टा नाही.

बाजारात जाताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. भांड्याच्या बुडाला चिकटलं तर साधारणपणे इंडक्शनवर चालतं. पितळी म्हणून विकलेल्या वस्तूला चिकटलं तर आत लोखंड, वर मुलामा, तो घासून घालवाल. मला इथे एक जुना पितळी खलबत्ता मिळाला, चिंचेचा कोळ आणि मीठ लावलं, पाच मिनिटांत आजीच्या देवघरासारखा झाला. इंडियन शॉपमध्ये पितांबरी मिळाली तर काय बघायलाच नको. त्या खलबत्त्यात कुटून खात मात्र नाही, जुन्या पितळेत शिसं असू शकतं, शोभेला ठेवलाय.

जळालेलं स्टीलचं पातेलं असेल तर नात्रोन घालून उकळवा, सुटतं. अ‍ॅल्युमिनियमला सोडा लावू नका, काळं पडतं. गंजका तवा अर्धा तास पातळ व्हिनेगरमध्ये, घासा, लगेच कोरडा करा, तेलाचा हात देऊन तापवा. लाकडी वस्तू भिजवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. जवसाचं तेल लावलंत तर ते फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं, पसरून बाहेर वाळवा. स्टिकरचा चिकटपणा खोबरेल तेलानं जातो.

रविवारी हे सगळं बिनधास्त करा, फक्त ड्रिल चालवू नका, शेजारच्या आजी दार वाजवतात.